दिव्यांग खेळाडूंची बलोपासना आणि त्यांचे हृदय



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. दिव्यांग खेळाडूंची बलोपासना आणि त्यांचे हृदय, हा विषय पुण्या-मुंबईच्या वैद्यक परिषदेत शोभावा. फोंडाघाटात त्याचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे, आणि ते आपल्या परसातच उभे आहे. हे दिवस आंबा उतरवण्याचे. झेला घेऊन माणसे हापूसच्या शेंड्यापर्यंत चढतात. नारळी-पोफळीवर तर वर्षभर चढणे असतेच. आणि पावसाळा तोंडावर आला की घर शाकारायला छपरावर जावे लागते. त्यातून एखादा निसटतो. उंचावरून पडणे हे आपल्या देशात पाठीचा कणा मोडून मज्जारज्जू दुखावण्याच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. जाता जाता सांगून ठेवतो, असा माणूस पडला तर त्याला बखोटीला धरून बसते करू नका, रिक्षात कोंबू नका. मान न हलवता, फळीवर सरळ आडवा ठेवून न्या. पडण्याने झालेली इजा उचलण्याने वाढू शकते.

माणूस वाचतो, घरी येतो, आणि ओटीवरच्या खाटेवर त्याची स्थापना होते. घरची माणसे मायेने म्हणतात, "आता अंगाला त्रास नको. एवढे सोसलेस, काळजाला आणखी ताण कशाला?" पोलिओने पाय गेलेल्याला हेच ऐकावे लागते, आणि मधुमेहाने पाय कापावा लागलेल्या आजोबांनाही हेच. या मायेमागे जी समजूत आहे तिच्याविषयी मला आज बोलायचे आहे. दिव्यांग खेळाडूंच्या हृदयाचा, नाडीचा आणि रक्तदाबाचा अभ्यास गेली कित्येक दशके जगभर चालू आहे. त्यातून निघालेले उत्तर असे की, अशा माणसाच्या हृदयाला श्रमापेक्षा खाटेचे भय अधिक आहे. मात्र त्याच्या श्रमाचे माप धडधाकट माणसाच्या पायलीने मोजता येत नाही. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, आणि ती पुष्कळदा शिकवणाऱ्यांनाही ठाऊक नसते.

शब्दांविषयी एक खुलासा. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत, आणि सरकारदरबारी आता 'दिव्यांग' हा शब्द रूढ आहे. इथल्या वडीलधाऱ्यांच्या कानाला 'अपंग' हा शब्द परिचित आहे. मी दोन्ही वापरीन. त्यात कमी-अधिक आदर शोधू नये.

प्रथम धडधाकट माणसाचे पाहू. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकते. जोराच्या धावण्यात तेच २० लिटरपर्यंत जाते, आणि मुरलेल्या धावपटूत त्याहूनही पुढे. धावताना स्नायूंतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यामुळे रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो, पण खालचा बहुधा होता तिथेच राहतो. वजन उचलण्याची तऱ्हा निराळी. ताठरलेला स्नायू आपल्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांनाच चिमटीत धरतो. त्यात उचलणारा श्वास कोंडतो. आपल्याकडे श्वास रोखण्याला कुंभक म्हणतात. पण योग्याचा कुंभक शांत असतो आणि हा दात-ओठ खाऊन केलेला. छातीत दाब कोंडतो आणि तो सारा रक्तदाबात मिसळतो. १९८५ साली कॅनडातील संशोधकांनी पाच शरीरसौष्ठवपटूंच्या दंडाच्या रोहिणीत बारीक नळी बसवून, वजन उचलताना आत काय घडते ते मोजले. दोन्ही पायांनी भारी वजन रेटताना सरासरी दाब ३२०/२५० पर्यंत गेला, आणि एकाचा तर ४८०/३५० च्याही वर! १२०/८० ऐकायची सवय असलेल्या आपल्याला हे आकडे खोटे वाटतील, पण ते खरे आहेत. वजन खाली ठेवताच काही सेकंदांत दाब उतरतो. निरोगी हृदय आणि निरोगी वाहिन्या हे क्षण सोसतात; शिवाय नेमाने आणि बेताने बलोपासना करणाऱ्याचा विश्रांतीतला रक्तदाब थोडा खालीच येतो. ज्याचा दाब आधीच चढलेला आणि उपचाराविना आहे, त्याने मात्र असल्या कोंडलेल्या श्वासाच्या वाटेला जाऊ नये.

आता मज्जारज्जू दुखावलेल्या माणसाकडे येऊ. येथे आपला घाटच उपयोगी पडेल. फोंड्याहून दाजीपूरच्या अंगाला चढणारा भरलेला मालट्रक आठवा. आपण उभे असताना किंवा बसलेले असताना पायातल्या रक्तालाही असाच घाट चढून हृदयापर्यंत यायचे असते. त्याला दोन मदतनीस असतात. एक म्हणजे पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू. चालताना ते आवळतात, शिरांतले रक्त वर ढकलतात, आणि शिरांच्या आतल्या झडपा ते परत खाली घसरू देत नाहीत. म्हणून पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. दुसरा मदतनीस म्हणजे मज्जारज्जूतून निघणारे अनुकंपी मज्जातंतू. श्रमाची चाहूल लागताच हे तंतू पोटातल्या आणि पायातल्या वाहिन्या आवळून तिथला साठा वर पाठवतात, आणि त्यांचीच एक शाखा हृदयाला "जलद चाल" अशी आज्ञा देते.

मज्जारज्जू कमरेच्या वरच्या बाजूस, पण छातीच्या खालच्या भागात तुटला, तर पहिला मदतनीस गेला आणि दुसरा अर्धामुर्धा उरला. हृदयाचे लगाम मात्र शाबूत राहिले. अशा माणसाने चाकाची खुर्ची जोराने रेटली की रक्त पायात साचून राहते, हृदय प्रत्येक ठोक्याला कमी भरते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी ते अधिक वेळा धडधडते. त्यात हातांचे काम हेच मुळी हृदयाला महाग. धडधाकट माणसाने तेच काम पायांऐवजी हातांनी केले तरी त्याची नाडी आणि दाब अधिक चढतात. हातांनी जास्तीत जास्त जो प्राणवायू वापरता येतो तो पायांच्या मानाने दोनतृतीयांशाच्या आसपास असतो, कारण स्नायूच थोडे. तेव्हा खुर्ची चालवणाऱ्या तरुणाची नाडी दीडशेवर गेलेली पाहून घरच्यांनी घाबरून खुर्ची काढून घेऊ नये. ते हृदय आजारी नसते, ते अपुऱ्या भरण्यावर संसार चालवत असते.

मज्जारज्जू मानेत तुटला तर चित्र पार उलटते. हृदयाला वेग देणारे अनुकंपी तंतू छातीच्या वरच्या मणक्यांच्या पातळीवर मज्जारज्जूतून बाहेर पडतात. इजा त्याच्याही वर झाली की मेंदूची आज्ञा तिथवर पोचतच नाही. हृदय मंदावणारा व्हेगस हा मज्जातंतू मात्र मेंदूच्या तळाशी निघून मज्जारज्जूच्या बाहेरून येतो, म्हणून तो अभंग राहतो. म्हणजे आवरणारा लगाम हाती आहे, टाच मारायला पाय नाही. असा माणूस जीव तोडून श्रम करील तरी त्याची नाडी बहुधा ११० ते १३० च्या पुढे जात नाही. आता व्यायामशाळेतले ते प्रसिद्ध सूत्र घ्या: २२० मधून वय वजा करा. पंचवीस वर्षांच्या तरुणाला त्याने १९५ हा आकडा मिळतो. शिकवणारा घड्याळ हातात धरून म्हणतो, "तुझी नाडी तर जेमतेम १२०, तू अंगचोरपणा करतोस." तो बिचारा आपल्या सामर्थ्याच्या कळसावर उभा असतो! म्हणून अशांच्या बाबतीत नाडीपेक्षा त्याला स्वतःला श्रम किती वाटतात हे विचारणे अधिक शहाणपणाचे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला की श्रम मध्यम. दोन शब्दांवर थांबावे लागले की जोराचे.

हे हृदय नुसते पडून राहिले तर काय होते? त्याच्याकडे रक्त कमी येते, दाबही कमी असतो, आणि ज्याला काम नाही ते आक्रसते. मानेच्या इजेनंतर हृदयाच्या डाव्या मोठ्या कप्प्याचे वस्तुमान घटलेले आढळते. आणि केवळ हृदयच नव्हे. चरबी वाढते, साखर बिघडते, चांगले कोलेस्टेरॉल उतरते. पूर्वी असे रोगी मूत्रपिंडाच्या विकारांनी आणि शय्याव्रणांनी जात. त्या दोन्हींवर इलाज सापडू लागल्यावर हृदयविकार आणि रक्तवाहिन्यांचे विकार त्यांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत येऊन बसले.

पूर्वीची स्थिती किती बिकट होती, हे आज कल्पनेतही येत नाही. पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले बहुतेक सैनिक फार दिवस जगले नाहीत. जर्मनीतून परागंदा झालेले डॉक्टर लुडविग गुटमान यांनी १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे अशा रुग्णांचा विभाग सुरू केला आणि तिथे खेळ हे औषध म्हणून लिहून दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, त्यांच्या अंगणात १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांनी धनुर्विद्येचे सामने खेळले. आजचे पॅरालिंपिक त्यातून वाढले.

त्या पॅरालिंपिकमध्ये भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून देणारा मनुष्य आपला मराठी आहे, हे शाळेच्या पुस्तकात मोठ्या अक्षरांत असायला हवे होते. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातले; म्हणजे आपला घाट चढून कोल्हापूर ओलांडले की त्यांचा मुलूख. सैन्यात ते मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचार म्हणून पोहणे सुरू झाले. १९६८ साली तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर मुक्त पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून त्यांनी विश्वविक्रम केला. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले, आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार तर २०२५ च्या जानेवारीत त्यांच्या हाती पडला. त्रेपन्न वर्षे म्हणजे उशीरच. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या पोहण्याकडे पाहा. पोहणारा आडवा असतो. रक्ताला चढायला घाटच उरत नाही! शिवाय पाण्याचा दाब पायांना चहूकडून दाबतो आणि साचलेले रक्त छातीकडे ढकलतो. जे काम पोटरी करीत होती ते पाणी करते. म्हणून पाय लुळे असलेल्या माणसाचे हृदय खुर्चीपेक्षा पाण्यात अधिक भरते आणि त्याच ठोक्यात अधिक रक्त देते. तीच गोष्ट फळीवर उताणे पडून छातीवरून वजन वर रेटण्याची. दिव्यांगांच्या शक्तिस्पर्धेत हाच एक प्रकार असतो, आणि खेळाडू पायांसह संपूर्ण आडवा असतो. पोलिओग्रस्त असलेल्या पंजाबच्या राजिंदरसिंग राहेलू यांनी २००४ साली अथेन्सला ५६ किलो गटात यातच कांस्यपदक मिळवले. पोलिओत स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरतात, पण अनुकंपी तंतू आणि हृदयाचे लगाम जागच्या जागी राहतात. म्हणून पोलिओवाल्याच्या हृदयाविषयी भीती बाळगण्याचे कारण फार थोडे. थकलेल्या स्नायूला पिळून काढू नये, एवढेच पथ्य.

आता एका धोक्याविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण ते ज्ञान घरात असले तर जीव वाचतो. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसात इजेखालचा भाग मेंदूच्या ताब्यातून सुटलेला असतो. तिथे काही बोचले, म्हणजे मूत्राशय तुडुंब भरले, लघवीची नळी मुडपली, मलावरोध झाला, घट्ट पट्टा रुतला, तर त्या माणसाला वेदना कळत नाही. पण खालचे अनुकंपी तंतू खवळतात आणि वाहिन्या आवळून धरतात. रक्तदाब भराभर चढतो. प्रसंगी २५० च्याही पुढे. डोके फुटेल असे दुखते, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम फुटतो, आणि नाडी उलट मंदावते. मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. अशा वेळी घरचे काय करतात? चक्कर आली असे समजून त्याला आडवा करतात. नेमके हेच करू नये. त्याला ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टे-बटणे सैल करा, नळी मुडपली आहे का पाहा, मूत्राशय रिकामे करा, आणि दाब उतरला नाही तर दवाखाना गाठा. अशा माणसाचा नेहमीचा वरचा आकडा ९० ते ११० असतो हेही ध्यानात ठेवा. त्याचा १४० झाला तर "वयाच्या मानाने ठीक" म्हणून सोडून देऊ नये.

मनुष्यस्वभाव असा की ज्या आपत्तीने जीव जाऊ शकतो तिचाही काही खेळाडूंनी उपयोग करून घेतला. वर सांगितल्याप्रमाणे मानेची इजा असलेल्याचे हृदय वेग घेत नाही आणि दाब चढत नाही. तेव्हा मुद्दाम मूत्राशय तुंबवून किंवा पाय करकचून बांधून हा झटका ओढवून घ्यायचा, म्हणजे दाब चढून शर्यतीत जोर येतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा उपायाने खुर्चीच्या शर्यतीतील वेळ सुमारे १० टक्क्यांनी सुधारलेली दिसली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने यावर बंदी घातली. स्पर्धेपूर्वी वरचा आकडा १६० च्या वर राहिला तर खेळाडूला मैदानात उतरू देत नाहीत. एका हृदयाला नैसर्गिकरीत्या जे मिळते ते मिळवण्यासाठी दुसऱ्याने मरणाशी सौदा करायचा, याचा मला राग येतो आणि त्या खेळाडूविषयी कणवही वाटते.

हातापायाचे अवयव गमावलेल्यांचे मी थोडक्यात आटोपतो. त्यांचे मज्जातंतू शाबूत, म्हणून हृदयाचे गणित बव्हंशी आपल्यासारखेच. पण मांडीतून पाय गेलेल्याला कृत्रिम पायावर तेवढेच अंतर चालायला कितीतरी अधिक श्रम पडतात, आणि म्हणूनच पुष्कळजण चालणे सोडून देतात. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या अमेरिकन सैनिकांची पुढे अनेक वर्षे पाहणी झाली. दोन्ही पाय गुडघ्याच्या वरून गेलेल्यांत हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय अधिक निघाले. बसून राहण्याची ही किंमत. अंधांच्या हृदयात तर काहीच वेगळे नसते. नागपूरच्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ साली मेक्सिकोत जागतिक स्पर्धेचे सुवर्ण मिळवले. अंधाला अडवणारा असतो तो आपला रस्ता आणि आपली काळजी. आणि पुन्हा सांगली जिल्हा: आटपाडी तालुक्यातले सचिन खिलारी, बालपणी डाव्या हाताला कायमची इजा, ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसला त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक जिंकले. गोळा उजव्या हाताने फेकला जातो, हे खरे. पण तो जोर पायांतून आणि कमरेतून येतो, आणि त्या अंगांना वर्षानुवर्षे वजनाखाली घडवावे लागते.

आता, बलोपासनेने हृदयाला लाभ होतो हे कशावरून? २००१ साली अमेरिकेत कमरेखाली लुळे असलेल्या दहा पुरुषांना आठवड्यातून तीन वेळा, बारा आठवडे, हातांच्या वजनाचे व्यायाम मध्ये न थांबता एकापाठोपाठ एक आणि त्यांच्या अध्येमध्ये हाताने फिरवायचे पायडल, असा क्रम दिला. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती सुमारे ३० टक्क्यांनी वाढली, आणि स्नायूंचे बळही वाढले. नुसती वजने उचलून धापा टाकत दहा मिनिटे बसण्याने हे साधत नाही. वजन हलके, आवर्तने अधिक, विश्रांती थोडी, असे असावे लागते. पुढे तज्ज्ञांनी मिळून जे प्रमाण ठरवले ते असे: आठवड्यातून दोनदा किमान २० मिनिटे दम लागणारा व्यायाम, आणि दोनदा प्रत्येक चालत्या स्नायुगटाला वजनाची तीन-तीन आवर्तने. हृदय आणि साखर यांचा विचार मुख्य असेल तर दम लागणारा व्यायाम ३० मिनिटे, आठवड्यातून तीनदा. हे प्रमाण मोठे नाही. आमच्या तालमीतल्या जोर-बैठकांपुढे तर काहीच नाही.

घरी करायचे तर सामान काय लागते? वाळू भरलेल्या दोन बाटल्या, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा खिडकीच्या गजाला बांधलेला, आणि चाके अडवलेली खुर्ची. वजन वर नेताना श्वास सोडायचा, आणताना घ्यायचा; मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप कोंडत नाही. व्यायामापूर्वी मूत्राशय रिकामे. उठताबसता भोवळ येत असेल तर पोटाला रुंद पट्टा बांधावा, त्याने पोटात साचणारे रक्त वर राहते. आणि आपल्याकडच्या वैशाखाचा विचार हवा: इजेखालच्या अंगाला घाम येत नाही, तेव्हा दमट दुपारी असा माणूस आतल्या आत तापतो. व्यायाम पहाटे करावा, आणि जवळ ओला पंचा ठेवावा.

दाब मोजणाऱ्यांनाही एक विनंती. खुर्ची चालवून ज्याचे दंड गोटीबंद झाले आहेत त्याला नेहमीची अरुंद पट्टी बांधली तर आकडा खोटा चढलेला येतो आणि नसलेल्या रोगाच्या गोळ्या सुरू होतात. रुंद पट्टी मागून घ्यावी. पहिल्या आठवड्यात रोज ठराविक वेळी, एकदा आडवे असताना आणि एकदा बसते झाल्यावर, असे दोन्ही आकडे वहीत लिहावेत, आणि ती वही डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्यावी. पुढच्या प्रत्येक वाचनाची तुलना त्या वहीशी करायची, शेजाऱ्याच्या आकड्याशी नव्हे.

कोणाला काही विचारायचे असेल तर मी थांबलो आहे.